स्टेशनवर न्यायला जा, पण सही करू नकोस

पत्र आलंय ते राजारामपुरीतल्या एका मुलीचं. सध्या जर्मनीत मास्टर्स करतेय, आता तिसरं सेमिस्टर सुरू होईल. नाव छापू नका म्हणालीय. पत्र चांगलं चार पानी आहे, त्यातलं मुख्य तेवढं इथं देते.

"ताई, आमच्या युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसनं मला ऑक्टोबरच्या ओरिएंटेशनला 'बडी' व्हायला सांगितलंय. माझ्याकडं सहा नवीन मुलं येणार, त्यात दोघी भारतीय, आणि त्यातली एक आपल्या कळंब्याची, आईच्या भिशीतल्या काकूंची मुलगी. काकूंचा आईला रोज फोन, तुझ्या लेकीनं हिला स्टेशनवरनं न्यायचं, रूम मिळेपर्यंत आपल्याकडंच ठेवून घ्यायचं, सरकारी नोंदणीला पत्ता पण तिचाच लावायचा. आई म्हणते कर की गं, आपल्या गावची आहे. खरं सांगू का, मला राग येतोय. मी आले तेव्हा शनिवारी रात्री साडेदहाला उतरले, न्यायला येतो म्हणालेल्या सिनियरनं फोनच उचलला नाही, रविवारी सगळी दुकानं बंद, दीड दिवस मी आईनं दिलेला चिवडा आणि नळाचं पाणी ह्यावर काढला आणि घरी सांगितलं छान जेवले म्हणून. माझ्यासाठी कोण आलं होतं? मग मी का जाऊ? आणि गेलेच तर त्या सहा जणांसमोर उभी राहून बोलू काय, मला स्वतःलाच अजून निम्म्या गोष्टी कळत नाहीत. नाही म्हणाले तर मी वाईट आहे का?"

बाळा,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळेला चिवड्यापाशी येऊन थांबले. उपाशी राहिलीस ते तर वाईटच, पण त्याहून मला ते घरी "छान जेवले" सांगितलंस ते लागलं. बाहेर शिकायला गेलेल्या पोरांनी हे कधी ना कधी केलेलं असतं, मीपण केलंय. त्यामुळं आधी एवढंच सांगते की तुझ्यासाठी कोणी आलं नाही हे चुकीचं झालं. येतो म्हणून सांगायचं आणि रात्री साडेदहाला परक्या देशात एकट्या मुलीचा फोन उचलायचा नाही, ह्याला अडचण-बिडचण म्हणून मी तरी सोडून देणार नाही. तुझा राग खरा आहे, तो गिळून टाकून उगाच हसत स्वागत करायला जाऊ नकोस.

आणि नाही म्हणालीस तर तू वाईट होत नाहीस. तुझं थिसिस आहे, तुझं काम आहे, पैसे तुझ्या बाबांनी कुठनं उभे केलेत ते तुला माहीत आहे. फक्त नाही म्हणायचं असेल तर आत्ता म्हण, ऑफिसला आज मेल कर, ते दुसरं कोणीतरी बघतील. आदल्या दिवशी पाठ फिरवू नकोस, कारण मग ती सहा पोरं जशी तू उभी होतीस तशी उभी राहतील.

पण मला विचारशील तर तू हो म्हणावंस असं मला मनापासनं वाटतं, आणि ते गावची मुलगी आहे म्हणून नाही आणि आई म्हणते म्हणून तर नाहीच नाही. शनिवारी रात्री उतरलेल्या माणसाला नेमकं काय लागतं हे तुला माहीत आहे, म्हणून. ऑफिसमधल्या लोकांचं काम चांगलंच असतं, ते नकाशा देतात, पेन देतात, कापडी पिशवी देतात, त्यात अख्ख्या आठवड्याचं वेळापत्रक असतं, पण ते सगळं सोमवारी सकाळी ऑफिस उघडल्यावर मिळतं. त्याच्या आधीची जी दीड-दोन दिवसांची खाच आहे ना, त्यात तू पडली होतीस, आणि तिथं उभं राहायला तुझ्याइतकं योग्य माणूस नाही.

मी जर्मनीत शिकायला गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. वसतिगृहात एका मजल्यावर आठ खोल्या आणि किचन एकच. पहिल्या संध्याकाळी मी बॅगेतनं तांदूळ काढले, मुगाची डाळ काढली, आईनं तीन पिशव्यांत गुंडाळून दिलेली कांदा-लसूण चटणी काढली, आणि मग डोक्यात आलं की शिजवायचं कशात, माझ्याकडं भांडंच नाही. किचनमधल्या कपाटांना ज्याची त्याची कुलपं. मी तशीच ओट्यापाशी उभी. तेवढ्यात एक इराणी मुलगी आली, तिनं माझ्या हातातली तांदळाची पिशवी बघितली, काही विचारलं नाही की काही नाही, आपलं कपाट उघडलं आणि एक पातेलं काढून माझ्यापुढं ठेवलं. ॲल्युमिनियमचं, एका बाजूचा कान तुटलेला, उतरवताना फडकं दोनदा गुंडाळावं लागायचं. मग मी तांदूळ कसे धुते ते बघत उभी राहिली आणि म्हणाली आमच्यात मिठाच्या पाण्यात भिजत घालतात, उद्या करून दाखवते. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दार वाजवलं, चल, ब्युर्गरआम्टला जायचंय ना, मला पण तिकडंच जायचंय. त्या पत्ता नोंदवायच्या सरकारी ऑफिसात तिला काहीही काम नव्हतं, तिची नोंदणी वर्षापूर्वीच झालेली, हे मला कितीतरी दिवसांनी कळलं.

तिनं मला माहिती अशी काही दिलीच नाही बघ. पातेलं दिलं आणि सोबत आली. आताच्या पोरांकडं तर माहिती आमच्यापेक्षा दसपट असते, निघायच्या सहा महिने आधीपासनं चार-चार ग्रुपवर असतात, मार्कशीटं तपासल्याचं एपीएसचं सर्टिफिकेट, व्हिसासाठी आधीच भरून ठेवायच्या ब्लॉक्ड अकाउंटचे ११,९०४ युरो, त्यातनं महिन्याला मिळणारे ९९२, घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत आनमेल्डुंग म्हणजे पत्त्याची नोंदणी, सगळं तोंडपाठ. तरी काउंटरसमोर उभं राहिलं की घशाला कोरड पडते. म्हणून "मला निम्म्या गोष्टी कळत नाहीत" ह्याची काळजी करू नकोस, तुला सगळं कळायची गरजच नाही, तू फक्त एकदा बरोबर जायचंस. पहिल्या ब्युर्गरआम्टला, पहिल्या मेन्झाला म्हणजे युनिव्हर्सिटीच्या खानावळीत, पहिल्या सुपरमार्केटला. दुसऱ्या वेळेला ती आपली आपण जातात.

आणि हे आपल्या कोल्हापूरला नवीन नाही हे पण सांगते. सुट्टीला येशील तेव्हा दसरा चौकात पाच मिनिटं थांब आणि आजूबाजूची बोर्डिंगं बघ. आपल्याकडं राजाराम कॉलेज १८८० पासनं आहे, म्हणजे शिकायची सोय होती, पण खेड्यातलं पोरगं आलं तर रात्री झोपणार कुठं आणि जेवणार काय, म्हणून ते एक तर यायचंच नाही किंवा आठ दिवसांत परत जायचं. शाहू महाराजांनी ही अडचण ओळखली. १९०१ ला मराठा बोर्डिंग, मग जैन, मुस्लिम, लिंगायत, आणि ज्यांना गावात पाणवठ्यावर पण येऊ देत नव्हते त्या मुलांसाठी १९०८ ला मिस क्लार्क वसतिगृह, एकामागनं एक. मी स्वतः आजऱ्याकडनं इथं कॉलेजला आलेली, हॉस्टेलवर पहिल्या रात्री एका सिनियर ताईनं तिच्या डब्यातली अर्धी भाकरी माझ्या ताटात टाकली होती आणि सकाळी केएमटीच्या स्टॉपवर येऊन कुठली बस आपली आणि कुठली नाही ते दाखवलं होतं. ते पातेलं समोर आलं तेव्हा मला ती अर्धी भाकरीच आठवली.

आता कामाचं बोलू. तुझ्या सहाही जणांना आत्ताच एकेक मेसेज टाक, कुठल्या दिवशी किती वाजता पोचताय. जो शुक्रवारी रात्रीनंतर पोचतोय त्याच्याकडं खास लक्ष दे. आणि ३ ऑक्टोबर विसरू नकोस, तिकडं एकीकरणाच्या दिवसाची सुट्टी, रविवारसारखंच सगळं बंद, आणि नवीन पोरं बरोबर त्याच दिवसांत उतरतात. ३ तारीख शनिवारी किंवा सोमवारी आली की रविवार धरून दुकानं सलग दोन दिवस बंद राहतात, आणि भारतातनं आलेल्या माणसाच्या स्वप्नात पण येत नाही की दूध मिळणार नाही. तू जाऊ शकलीस तर स्टेशनवर जा, नाही जमलं तर दुसऱ्या कोणा बडीला पाठव, पण खोलीवर पोचताना त्या माणसाच्या हातात एक पिशवी असू दे, ब्रेड, अंडी किंवा चीज, केळी, दूध, एक पाण्याची बाटली. अंडी खातात का ते आधी विचारून घे. सगळं मिळून दहा युरोच्या आत बसतं, पैसे नंतर घे, संकोच करू नकोस. बाटलीचे २५ सेंट परत मिळतात हे तेवढं सांग, ती कचऱ्यात टाकायची नसते, मशीनमध्ये घालायची. हे एक कळलं की माणसाला वाटतं चला, इथलं काहीतरी आपल्याला जमायला लागलं.

पहिल्या पंधरा दिवसांत ह्या पोरांच्या हातात पैसे फार नसतात हे पण लक्षात ठेव. बऱ्याचदा बँकेचं खातं व्हायला नोंदणी लागते, नोंदणीला घरमालकाचं राहत असल्याचं पत्र लागतं, आणि खातं होईपर्यंत ब्लॉक्ड अकाउंटमधले पैसे सुटत नाहीत. म्हणजे घरच्यांनी लाखो रुपये भरलेत आणि पोरगं कॉफीचे दोन युरो मोजतंय. अशा वेळी सहा जणांना घेऊन महागड्या कॅफेत जाऊन बसू नकोस, मेन्झात जा, स्टुडंट कार्ड झालं की तिथं परवडतं. आणि कोण कसं आलंय हे पहिल्या दिवशी विचारू नकोस. कोणी शेत तारण ठेवून आलेलं असतं, कोणी आपल्या राज्य सरकारच्या राजर्षी शाहू शिष्यवृत्तीवर आलेलं असतं, ती वर्षाला ७५ मुलांना मिळते आणि त्यासाठी पोरांनी काय काय केलेलं असतं ते त्यांनाच ठाऊक. सांगायचं तेव्हा ती सांगतील.

समोर उभी राहून बोलू काय, असं विचारलंस. तुझा रविवार सांग. जसा मला लिहिलास तसा, चिवडा, नळाचं पाणी आणि घरी मारलेली थाप सगळं. खोटं सांगत नाही, त्या सहा जणांतला निदान एक तरी तेव्हा मान खाली घालेल, कारण त्यानं आदल्याच रात्री घरी "छान जेवलो" सांगितलेलं असेल. पुढं तो अडचण आली की ऑफिसला जायच्या आधी तुझ्याकडं येईल. त्यानंतर दोन-चार गोष्टी सांग ज्या कुठल्या फोल्डरात सापडत नाहीत. वेळापत्रकात १० च्या पुढं सी.टी. लिहिलं असेल तर तास सव्वादहाला सुरू होतो, एस.टी. लिहिलं असेल तर बरोबर दहाला. मी पहिल्या आठवड्यात रोज रिकाम्या वर्गात पंधरा मिनिटं एकटी बसायचे आणि रोज वाटायचं आपण चुकीच्या खोलीत आलोय. तास संपला की टाळ्या वाजवत नाहीत, बाकावर मुठीनं ठोकतात, पहिल्यांदा ऐकलं की दचकायला होतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तासाला बसलं म्हणजे परीक्षेला नाव लागलं असं नाही, परीक्षेची नोंदणी वेगळी करायची असते आणि तिची मुदत असते, ती गेली की बऱ्याच ठिकाणी सेमिस्टर हातचं जातं. हे मात्र ओरिएंटेशनमध्ये सांगून कोणाच्या लक्षात राहत नाही, तेव्हा मुदत जवळ आली की ग्रुपवर परत टाक. एवढं केलंस तरी तू चांगली बडी.

पहिल्या दिवशी जॉबचं काही बोलू नकोस. हे मी जरा जोर देऊन सांगते कारण आपल्या सिनियर लोकांना ही फार वाईट सवय आहे. पोरगं नुसतं बॅग टेकवतंय तोवर सुरू, कशाला आलास, मार्केट पडलंय, जर्मन आल्याशिवाय कोणी विचारत नाही, अमक्याला दीड वर्ष झालं घरीच आहे. त्यातलं काही खरं असेल पण ते ऐकायची ती वेळ नाही, त्या माणसानं अजून स्वतःच्या खोलीची किल्ली कुठल्या बाजूला फिरते ते पण बघितलेलं नाही. त्यानं आपणहून विचारलं तर नियम तेवढा सांग, वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, २०२४ च्या मार्चपासनं हे वाढवलंय, तास चालू असताना आठवड्याला २० तासांच्या आत राहायचं. आणि म्हण की बाकीचं नोव्हेंबरात बसून बोलू.

आता भाषेचं. सहा जणांत दोघी भारतीय, त्यातली एक आपली. तुम्ही तिघी एका टेबलावर बसलात की पाच मिनिटांत हिंदी सुरू होणार, नंतर तुम्ही दोघीच राहिलात की मराठी, आणि उरलेले चौघं मोबाइल बघत बसणार. मराठी बोलू नको असं मी म्हणत नाही गं, परदेशात महिनाभरानं कोणीतरी "काय म्हणतीस" म्हणालं की डोळ्यांत पाणी येतं हे मला माहीत आहे. रात्री खोलीवर बसून पोटभर बोला, काय तांबडा-पांढरा आणि काय मिसळ आठवायची ती आठवा. पण टेबलावर ज्याला कळत नाही असा एक जरी माणूस असला तरी तेवढा वेळ इंग्लिश, मोडकं जर्मन असलं तर आणखी चांगलं. मी त्या उरलेल्या चौघांतली होते एकदा, दुसऱ्या एका देशाच्या मुलींच्या टेबलावर, सगळ्या चांगल्या होत्या, सगळ्या हसत होत्या, मी पण हसत होते आणि कशाला ते मला माहीत नव्हतं. ती संध्याकाळ मला अजून आठवते. आणि कळंब्याच्या त्या मुलीचं पण त्यात हित आहे, पहिल्या आठवड्यात ती फक्त तुझ्याच पंखाखाली राहिली तर तू थिसिसमध्ये बुडाल्यावर तिला विचारायला कोणी उरणार नाही.

फाखशाफ्टवाले, म्हणजे तिथली विद्यार्थ्यांची कमिटी, त्या आठवड्यात एक संध्याकाळ सगळ्यांना घेऊन पबमधनं फिरवतात. आपली निम्मी पोरं घाबरून जातच नाहीत आणि मग ज्या ओळखी तिथं होतात त्या परत होत नाहीत. जायचं, हे सांग. प्यायचंच असं काही नाही, कोणी जबरदस्ती करत नाही, अप्फेलशोर्ले मागायचं, सफरचंदाचा रस आणि सोड्याचं पाणी, दिसायला पण बिअरसारखंच दिसतं. तू स्वतः एक मागवून पुढं बस म्हणजे ज्याला नको आहे त्याला बोलावं लागत नाही. आणि परत जाताना सगळ्यांनी एकत्र निघायचं, कोणाला एकट्याला शेवटच्या बसवर सोडायचं नाही.

काकूंचं आता. इथं मात्र मी कडक होणार आहे. स्टेशनवर न्यायला जा, पहिलं जेवण तुझ्याकडं होऊ दे, नोंदणीला बरोबर जा. ह्याच्या पुढची प्रत्येक गोष्ट आधी तपासून घे. ठेवून घ्यायचं म्हणशील तर तुझी खोली वसतिगृहाची आहे, पाहुणा किती दिवस ठेवता येतो ते करारात लिहिलेलं असतं, हाउसमाइस्टरला, म्हणजे वसतिगृहाच्या केअरटेकरला, विचार, दोन रात्री चालतील, महिना चालणार नाही. पत्ता लावायचं तर नावच काढू नकोस. जिथं माणूस खरंच राहत नाही तिथं त्याची नोंदणी करायला पत्ता देणं हा तिकडं गुन्ह्यासारखाच प्रकार आहे, कायद्यात ५०,००० युरोपर्यंत दंड लिहिलेला आहे, आणि राहत असल्याचं पत्र घरमालकानं द्यायचं असतं, तू नाही. काकूंना हे माहीत नाही, त्यांना वाटतं आपण रेशनकार्डावर नाव घालतो तसं काहीतरी असेल. तसंच तिच्या घराच्या कराराला हमीदार म्हणून सही करायची नाही, तिच्या वतीनं कोणाला डिपॉझिट पाठवायचं नाही. तिनं खोली शोधताना न बघता, करार हातात नसताना पैसे भरू नयेत एवढं मात्र तिला आजच सांग, फोटो दाखवून "मी परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली कुरिअर करतो" म्हणणारे लोक बरोबर ह्याच महिन्यांत नवीन पोरांना गाठतात.

हे काकूंना आईच्या तोंडून सांगायला लावू नकोस, आईला भिशीत त्यांच्याशेजारी बसायचंय. तू स्वतः फोन कर. "काकू, मी तिला स्टेशनवर घ्यायला येते, पहिले दोन आठवडे मी आहे, माझ्या पत्त्यावर नोंदणी कायद्यानं होत नाही, रूमसाठी आपण आत्तापासनंच विद्यार्थी वसतिगृहाच्या यादीत तिचं नाव टाकूया, लिंक मी तिला पाठवते." एवढं नीट बोल, पोरीची आई आहे ती, भीतीपोटी रोज फोन करतेय. तिला काय हवंय, तर पोरगी उतरली की तिथं ओळखीचं कोणीतरी दिसेल हे. ते तू देतेयस. आणि शक्यतो त्या मुलीशीच थेट बोल, तिच्या आईमार्फत नको. ती बावीस-तेवीस वर्षांची असेल, तिला स्वतःला काय वाटतंय हे ह्या सगळ्या फोनाफोनीत कोणी विचारलंय का बघ.

आणखी एक, हे दोन आठवड्यांच्या पलीकडचं आहे तरी सांगते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडं घड्याळ एक तास मागं घेतात. इथनं रात्री नऊला आईचा फोन आला की आत्ता तिकडं संध्याकाळचे साडेपाच असतात ते एकदम साडेचार होतात, आणि नोव्हेंबरात साडेचारला बाहेर अंधार पडत असतो. ओरिएंटेशनची गडबड संपलेली, नवरात्र-दसरा फोनवर झालेला, दिवाळी एकटीची, परीक्षा लांब. ह्याच वेळेला माणूस आत आत जायला लागतो. तेव्हा त्या सहा जणांना एकदा जेवायला बोलव, प्रत्येकानं एक पदार्थ आणायचा, खर्च पण वाटला जातो. कोण आलं नाही ते बघ. जो दोनदा आला नाही, मेसेज वाचून उत्तर देत नाही, तासाला दिसत नाही, त्याचं दार वाजव. उपदेश नको, चल दुकानात जाऊन येऊ एवढंच म्हण. आणि प्रकरण तुझ्या हाताबाहेरचं वाटलं तर श्टुडिअरेंडेनवेर्क, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सोयी बघणारी संस्था, तिचं विद्यार्थ्यांसाठी मोफत समुपदेशन असतं, तिथं अपॉइंटमेंट घ्यायला बरोबर बस. रात्री-अपरात्री बोलायला ०८०० १११ ०१११ हा फुकट नंबर चोवीस तास चालू असतो, बोलणं जर्मनमध्ये असतं. जिवाला धोका वाटला तर थेट ११२. त्याची जबाबदारी एकटीच्या डोक्यावर घेऊन रात्रभर जागत बसायचं नाही, हे ऑफिसला सांगायचं असतं, त्यासाठीच ते ऑफिस आहे.

तुझ्यासाठी कोण आलं होतं, ह्याचं उत्तर माझ्याकडं नाही. त्या सिनियरवरचा राग ह्या पोरांना भेटल्यानं जाईल असंही मी सांगणार नाही, कदाचित स्टेशनवर उभी असताना तो जास्तच येईल, त्या प्लॅटफॉर्मवर तुला तुझीच बॅग दिसेल. तेव्हा एकटी जाऊ नकोस, दुसऱ्या एखाद्या बडीला घेऊन जा.

शेवटी तू ताजा कलममध्ये विचारलंयस की काकू त्या मुलीच्या बॅगेत तुझ्यासाठी सामान पाठवणार आहेत, काय मागवू. तूप, पेढे, खव्याचं काहीही नको, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरनं युरोपात न्यायला बंदी आहे, विमानतळावर काढून टाकतात आणि पोरगी पहिल्याच पावलाला रडकुंडीला येते. गूळ मागव. कांदा-लसूण चटणी मागव, पण तेलाचा हात जरा कमी ठेवायला सांग आणि तीन पिशव्यांत, वरनं चिकटपट्टी. आणि तिच्या आईला म्हणावं एक लहान पातेलं बॅगेत घाला, दोन्ही कानांचं.

तुझी,
ताई